साडूच्या पांढऱ्या पेशी

नाय पण मी काय म्हणतो, शेळी शोधायला मीच का? घरात जावई दोन. एक झोपलेला, एक उभा. झोपलेल्याला उठवू नये, मान्य, पण उभा दिसला म्हणून त्याला थेट शेळीच्या मागं धाडायचं? बरं, रोहा काय माझं गाव नाय. मी पेणचा. पेणात मला विचारा, कुठल्या आळीत कुठला कारखाना, कुणाच्या गणपतीचं नाक जरा बसकं येतं, झोपेत सांगीन. पण रोह्यात शेळी कुठं मिळते हे मला कुणी शिकवलंय? आणि शेळी म्हणजे कुठली पण शेळी नाय. सासूबाईंची ऑर्डर काय, "जावयबापू, काली शेली बघा. पांढरीचं दूध नको. काल्या शेलीच्या दुधानं पांढऱ्या पेशी वाढतात." आता ह्यातलं शास्त्र मला विचारू नका. मी पिशवी घेतली, किटली घेतली आणि निघालो...

तुम्हाला सांगतो, माणसानं आजारी पडावं तर साडूच्या आधी पडावं. मागाहून पडणाऱ्याला कोण विचारत नाय.

साडू कोण ते सांगतो, नायतर तुम्ही म्हणाल हा भलतीकडंच गेला. मी पुंडलिक. गणपतीच्या कारखान्यात आखणीला असतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. अंगाला रंग कोण पण मारतो हो, डोळ्याला हात लागतो. माझी बायको नमिता, माहेर नागोठणं. तिची धाकटी बहीण नूतन दिलीय रोह्याला, आणि नूतनचा नवरा प्रणित, तो माझा साडू. कंपनीत आहे. शिफ्टला जातो. कंपनीची बस दारात येऊन हॉर्न मारते, आणि सासूबाईंना त्या हॉर्नचं एवढं कौतुक, एवढं कौतुक, की जसा काय तो प्रणितच वाजवतो.

सासूबाई धोंडुबाई. सासरे नायत, नागोठण्यात एकट्याच असतात. आता नागोठण्याचं कसं आहे, एका अंगाला पेण, एका अंगाला रोहा. स्टेशनात उभं राहायचं, इकडून गाडी आली तर रोह्याला जायचं, तिकडून आली तर पेणला. म्हणजे देवानं त्यांना तराजूच्या काट्यासारखं बरोबर मधे ठेवलंय. आणि काटा कधी पण बघा, रोह्याकडं.

पहिल्यापासून असं नव्हतं. नूतनचं लग्न व्हायच्या आधी मी एकटा जावई होतो, आणि काय थाट होता माझा. माझी आई मी लहान असतानाच गेली. त्यामुळं कसं होतं, ताप आला की कपाळावर हात ठेवणारं घरात कोण नसायचं, आपणच आपला हात ठेवायचा, आणि आपल्याच हाताला आपला ताप कळत नाय... जाऊ दे. तर सासूबाईंच्या घरी गेलो की तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, आणि "जावयबापू घ्या, जावयबापू लाजू नका." ते जावयबापू कानाला इतकं गोड लागायचं, मला वाटायचं ह्याच्या वर पदवी नाय. मग प्रणित आला. हळद पण नीट उतरली नव्हती त्याची, आणि सासूबाई त्याला म्हणाल्या, "बाला, जेवलास का रं?"

बाला. म्हणजे बाळा. अरेतुरे. तिथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जावयबापू पाहुण्याला म्हणतात, आणि बाला म्हणतात पोटच्या पोराला. इतकी वर्षं मी पाटावर बसून पाहुणचार खात होतो आणि मला वाटत होतं मी घरचा झालोय.

असो. दसरा झाला आणि ह्या प्रणितला ताप आला. आता ताप कुणाला येत नाय? पण ह्याच्या पेशी उतरल्या. पांढऱ्या पेशी. आमच्याकडं पावसाच्या शेवटाला ताप म्हटला की पहिला प्रश्न, पांढऱ्या पेशी किती? लाखाच्या खाली गेल्या की नातेवाईक निघतात. आमच्या लेखी रक्तात वस्तू दोनच, तांबडी आणि पांढरी. तिसरी पण काय असते हे आम्हाला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्या तिसरीनंच पुढं माझा घात केला, पण ते येईल.

तर नूतननं घरच्या ग्रुपवर टाकलं, "ह्यांच्या पांढऱ्या पेशी सव्वीस हजार." झालं. फोनवर फोन. जो तो विचारतोय, आज किती, काल किती होत्या, चढल्या की उतरल्या... दहावीच्या निकालाला एवढी विचारपूस नाय झाली माझी. आणि त्या पेशी पण काय नाटकी बघा. सकाळी सव्वीस, दुसऱ्या दिवशी साठ, परत तीस. नागोठण्याचा काटा तर कायमचा रोह्यात जाऊन बसला. वर माझी बायको, माझी स्वतःची लग्नाची बायको, ती पण गेली. म्हणाली, "अहो, आई एकटी किती करणार?" म्हटलं मग मी पण येतो. भेटायला नको? साडू आहे, वैरी नाय.

गेलो. जाताना पेणचे पोहे नेले, पापड नेले. तर पोहे तिकडं ओट्यावर पडून. का, तर पोह्यानं पेशी वाढत नायत. प्रणित कॉटवर, पाठीला दोन उशा, पायाला एक. एका ताटलीत ते ड्रॅगन फ्रूट कापलेलं, एका ताटलीत किवी. नूतन वारा घालतेय, डोक्यावर पंखा फिरतोय तरी. आणि सासूबाई पपईच्या पानांचा रस वाटीत घेऊन, "बाला, डोले मिट नि घे. माझ्यासाठी घे." आणि हा तोंड वाकडं करतोय. कडू आहे म्हणे. अरे, तुझ्यासाठी कुणी पानं कुटतंय, गाळतंय, हातानं पाजतंय, त्याला कडू म्हणतोस? मी दारात उभा. सासूबाईंनी वळून बघितलं. मला वाटलं आता म्हणतील, कधी आलात, बसा, पाणी घ्या. त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात जावयबापू. शेली बघा."

तुम्हाला सांगतो, आजारी पडावं तर साडूच्या आधी पडावं.

तर असा मी पुंडलिक, किटली घेऊन, कुंडलिका नदीच्या काठाकाठानं काळ्या शेळीच्या शोधात. पार गाव संपलं तिथं हौसाबाईंकडं सापडली. पण हौसाबाई म्हणाल्या, "पाव्हनं, शेली गुनाची हाय, पन अनोलखी मानूस दिसला की पान्हा चोरते. तुम्ही तिच्या तोंडाशी उभं ऱ्हावा आनि तिच्याशी बोलत ऱ्हावा, मी काढते." आता शेळीशी काय बोलणार? पावसाचं बोललो. मग गणपतीचं बोललो. आणि मग कसं कोण जाणे, सगळंच बोललो. म्हटलं बाई गं, मी थोरला आहे. म्हटलं एवढ्या गणपतींना डोळे दिले, माझ्याकडं बघायला एकाला पण वेळ नाय. ती ऐकत होती. कान हलवत होती. मुक्काम होता तोवर मी रोज जायचो, आणि खरं सांगतो, रोह्यात माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी ती एकटीच होती.

मग एक दिवस प्रणितच्या पेशी दीड लाख झाल्या. घरात पेढे. आणि श्रेय कुणाला? तर ड्रॅगन फ्रूटला. शेळीचं नाव नाय, शेळी आणणाऱ्याचं तर नायच. मी गप पेणला आलो. आणि आलो तो अंगात कसकस. रात्री हुडहुडी. सकाळी नमिताला फोन लावला, म्हटलं, मला ताप आहे. ती म्हणाली, "अहो, तापाची गोळी घ्या आणि झोपा. इकडं प्रणितला आत्ता कुठं भूक लागायला लागलीय, आईला टाकून कशी येऊ?" मागनं सासूबाईंचा आवाज, "कोन हाय गो?... जावयबापू? त्यांना सांग गरम पानी प्या."

गरम पाणी. त्याला ड्रॅगन फ्रूट, मला गरम पाणी.

म्हणून मग मी उठलो आणि स्वतःच्या पायानं लॅबमध्ये गेलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मृणाली मॅडमची लॅब आहे. मॅडम म्हणजे पोरगीच, पण बोलायला तिखट. तिनं नवीन मशीन घेतलंय, दसऱ्याचा हार अजून त्याच्या अंगावर. तिनं माझं रक्त घेतलं, जांभळ्या टोपणाच्या नळीत घातलं, नळी मशीनला लावली. मशीननं टुक केलं, गुरगुर केलं, झालं. आणि मी विचारलं, नीट ऐका काय विचारलं, "मॅडम, पांढऱ्या पेशी किती?"

ती स्क्रीनकडं बघून म्हणाली, "नऊ हजार."

माझ्या काळजात धस्स झालं, आणि त्या धस्सच्या मागोमाग, खोटं कशाला बोलू, उकळी फुटली आनंदाची. नऊ हजार. प्रणित सव्वीसच्या खाली कधी गेला नव्हता. मी म्हटलं, "नक्की? मशीन चुकत नाय ना?" तर ती जरा चिडली. "काका, हातानं आम्ही शंभर पेशी बघून अंदाज बांधायचो. हे मशीन एका दमात हजारो मोजतं. नऊ म्हणजे नऊ. पुढचं ऐका..." पुढचं कोण ऐकतो? ती मागनं हाका मारतेय, "काका, रिपोर्ट मोबाईलवर पाठवते, बघा हां," आणि मी रस्त्यात उभा राहून ग्रुपवर टाईप करतोय. फार लिहिलं नाय. एवढंच लिहिलं, "पुंडलिक. पांढऱ्या पेशी नऊ हजार." खाली पूर्णविराम पण दिला.

दोन मिनिटांत जो काय फोन वाजायला लागला. नमिता रडतेय. नूतन म्हणतेय, "भाऊजी, तुम्ही चालू नका, जिथं आहात तिथं बसा." नमिताचा मामा, जो माझ्याशी लग्नात शेवटचा बोलला होता, तो म्हणतोय, रक्त लागलं तर सांगा. मी घरी जाऊन आडवा झालो. पाठीला दोन उशा घेतल्या. पायाला एक. आणि दुपारच्या गाडीनं, ऐका, रोह्याहून निघून, नागोठण्यावरनं, नागोठण्याला न उतरता, सासूबाई सरळ पेणला आल्या. काटा फिरला. हातात पपईच्या पानांची जुडी, मागनं नमिता.

त्या आत आल्या. चपला काढल्या की नाय ते पण त्यांना कळलं नाय. खाटेवर बसल्या आणि कपाळावर हात ठेवला. आणि म्हणाल्या, "बाला... नऊ हजार झालं तवरी सांगितलं नाय रं?"

तो हात असा खरखरीत, पानं कुटून हिरवा झालेला. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, उतरू दे पेशी. आठ होऊ दे, सात होऊ दे.

मग रस झाला. मी वाटीच्या वाटी रस प्यायलो, तोंड वाकडं न करता. कडू? अहो विषासारखा कडू. मी म्हटलं, "आई, अजून आहे का?" ड्रॅगन फ्रूट आलं. त्याला चव नसते हे मला त्या दिवशी कळलं, पण चवीसाठी कोण खातंय? आणि प्रणित पण निघाला होता रोह्याहून, मित्राच्या गाडीत नूतनला घालून, मला पनवेलला मोठ्या दवाखान्यात न्यायला. तो अडकला वडखळच्या ट्रॅफिकात. त्या नाक्यानं आजवर माझे किती तास खाल्ले असतील, पण त्या दिवशी मी त्याला मनातनं हात जोडले. प्रणित जेवढा वडखळला अडकून, तेवढा मी इकडं बाला.

शेवटी आला. अशक्त झालेला, गालफडं बसलेली, हातात किवीची पिशवी. मी उशांवर रेललेलो, सासूबाई माझ्या उशाला. आणि तुम्हाला सांगतो, मी त्याच्या तोंडाकडं बघितलं तर त्याच्या डोळ्यात ते होतं. जे मी दारात उभा असताना माझ्या डोळ्यात होतं ना, तेच. मी डोळ्यांचा माणूस आहे, माझं डोळ्यात चुकत नाय. इतकं समाधान वाटलं मला, की ताप निम्मा उतरला.

तेवढ्यात तो म्हणाला, "दादा, रिपोर्ट बघू." आता हा इतके दिवस आजारी पडून रिपोर्टातला पंडित झालेला. माझा मोबाईल घेतला, उघडलं, खाली सरकवलं, वर सरकवलं, आणि म्हणाला, "दादा, ह्या खरोखरच्या पांढऱ्या पेशी आहेत." म्हटलं मग, मी काय खोट्या सांगतो का? "तसं नाय. आपण सगळे ज्याला पांढऱ्या पेशी म्हणत होतो ना, त्या प्लेटलेट. त्या वेगळ्या. त्या लाखात असतात. मला पण परवा डॉक्टरांनी समजावलं. माझ्या सव्वीस हजार म्हणजे त्या. तुमच्या त्या दोन लाख ऐंशी हजार आहेत. आणि पांढऱ्या पेशी नऊ हजार म्हणजे... म्हणजे बरोबर आहेत. चार ते अकरा असाव्या लागतात. तुम्हाला काय झालेलं नाय दादा."

नमितानं हातातली किवी खाली ठेवली. आणि कपाळावरचा हात निघाला. हळूच निघाला हो, काय झटक्यानं नाय, पण निघाला. सासूबाई म्हणाल्या, "असं हाय व्हय. बरं झालं देवा. जावयबापू, उठून बसा आता."

एका श्वासात मी परत जावयबापू.

मी म्हटलं, मशीन चुकलंय. हो, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? जगातला मी पहिला माणूस असेन, जो आपला रिपोर्ट चांगला आला म्हणून भांडायला निघाला. म्हटलं चला सगळे लॅबमध्ये, माझं परत मोजा, हातानं मोजा. निघाली वरात. मृणाली मॅडम शटर ओढायच्या बेतात होती. मला बघून म्हणाली, "सकाळी तुम्हीच विचारलंत ना, मशीन चुकत नाय ना म्हणून?" म्हटलं विचारलं, पण आता तू डोळ्यानं बघ. मशीनला काय कळतं? डोळा तो डोळा. तिनं कपाळाला हात लावला, पण काढली बाई काच. बारीक बारीक चौकटी आखलेली काच असते, इतकी सुबक आखणी की मी पण मान डोलवली. त्यावर माझं रक्त पाणी घालून पसरलं आणि दुर्बिणीला डोळा लावून एकेक पेशी मोजत बसली, बोटानं टकटक करत. मी मनात म्हणतोय, चूक रे मशीन, एवढ्या एका वेळेला चूक. ती उठली आणि म्हणाली, "मशीन म्हणतं नऊ हजार. मी म्हणते आठ हजार आठशे. दोनशेचा फरक माझा असेल, मशीनचा नसेल."

आता माणसानं गप घरी जावं की नाय? पण मत्सर माणसाला गप बसू देतो का? मी म्हटलं, "असं? मग ह्याच्या पण मोजा. ह्याच मशीनवर. कळू दे तरी." प्रणित म्हणाला, अहो दादा, माझं झालंय आता. म्हटलं नाय, घाबरतोस काय? बसवलं त्याला खुर्चीत. जांभळी नळी भरली. मशीनवर आधीच्या दोन-चार नळ्या होत्या, त्या झाल्या, मग ह्याची लागली. टुक, गुरगुर... आणि मॅडमच्या भुवया वर. "पांढऱ्या पेशी सोळा हजार. प्लेटलेट एकतीस हजार."

नूतननं तिथंच हंबरडा फोडला. सासूबाईंनी प्रणितचा दंड धरला, "बाला, खाली बस, चक्कर येल." आणि मी, तुम्हाला सांगतो, मी भिंतीला टेकलो. म्हटलं घ्या. गेलो होतो मशीनची परीक्षा घ्यायला, परत साडूच पहिला आला. आजारी पडावं तर साडूच्या आधी पडावं, आणि आधी पडायला जमत नसेल तर निदान त्याला लॅबमध्ये घेऊन जाऊ नये.

पण मॅडम म्हणाली, "रडू नका, थांबा. आकड्यापुढं चांदणी आलीय. म्हणजे मशीनला स्वतःलाच खात्री नाय." आता हे मला फार आवडलं. माणसांच्या बोलण्यात अशी चांदणी उमटली असती तर किती भांडणं वाचली असती. तिनं काचेवर प्रणितच्या रक्ताचा एक पट्टा ओढला, वाळवला, रंगवला, दुर्बिणीखाली धरला आणि हसायला लागली. मला म्हणाली, "या काका, डोळ्यावाले, तुम्हीच बघा." मी बघितलं. गुलाबी अंगावर जांभळे ठिपके. मोठे ठिपके थोडेच. पण मधे मधे बारीक ठिपक्यांचे घोसच्या घोस, एकमेकांना चिकटून बसलेले.

ती म्हणाली, "ह्या गुठळ्या. ह्यांच्या प्लेटलेट त्या जांभळ्या नळीतल्या औषधात गेल्या की एकमेकींना चिकटतात. काही जणांचं रक्त असतं असं, शरीरात काय नाय, फक्त नळीत. मशीन एकेक सुटी पेशी मोजतं. सुट्या कमी दिसल्या म्हणून प्लेटलेट कमी दाखवल्या, आणि घोस मोठा दिसला म्हणून तो पांढऱ्या पेशीत धरला." म्हणजे कसं, एस्टीच्या दारात कंडक्टर डोकी मोजतोय आणि चार पोरं एका घोंगडीखाली घुसली, तर पोरं गेली हिशोबातनं आणि एक जाडा माणूस जमा झाला. तिनं निळ्या टोपणाची नळी काढली, परत रक्त घेतलं, परत मशीन. प्लेटलेट दोन लाखाच्या वर. पांढऱ्या पेशी सात हजार. चांदणी गायब.

मी हळूच विचारलं, मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं हळू, "म्हणजे मॅडम, ह्याच्या पेशी कधी उतरल्याच नव्हत्या?" ती म्हणाली, "ताप खरा असणार. पण पेशींचं म्हणाल तर, बहुतेक नाय. नळी लगेच लावली की आकडा बरा यायचा, ठेवून दिली की पडायचा. म्हणून तर वर-खाली होत होत्या."

माझ्या आयुष्यात असा क्षण पुन्हा येणार नाय. मी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. ते ड्रॅगन फ्रूट, ती किवी, ती पपईची पानं, ती माझी कुंडलिकेकाठची पायपीट, सगळं कशासाठी? एका घोंगडीतल्या चार पोरांसाठी. प्रणितनं मान खाली घातली. मी सासूबाईंकडं बघितलं. म्हटलं आता तरी. आता तरी काटा मधे येईल, पेणकडं नको, नुसता मधे आला तरी बास.

सासूबाईंनी ते सगळं डोक्यात बसवून घेतलं. जरा वेळ लागला. मग डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "म्हंजे माझ्या बालाच्या पेशी मशीनला पन मोजता येत नाय?"

मॅडम म्हणाली, "तसंच म्हणा. पुढं कुठं पण रक्त दिलं तर आधी सांगायचं, माझ्या गुठळ्या होतात, निळी नळी घ्या."

"बघ गो नूतन. पेशी पन कशा एकमेकींना धरून ऱ्हातात. एकत्र कुटुंब. मानसाचा सभाव रगतात उतरतो तो असा." मग माझ्याकडं वळल्या. "आनि जावयबापूंच्या कशा होत्या?" मॅडम म्हणाली, सुट्या. "सुट्या ना? वाटलंच." आणि मग काय म्हणाल्या ते ऐका, असा हिशोब कुठल्या मशीनला जमणार नाय. म्हणाल्या, "म्हंजे उद्या बालाच्या पेशी खरंच उतरल्या तर आपल्याला कलनार कसं? त्याच्यावर तर जास्तच ध्यान ठेवायला पायजे. जावयबापूंचं बरं हाय. मशीननं मोजा, हातानं मोजा, ते आपले तेवढेच. त्यांची कसली कालजी."

आणि गेल्या. त्याच गाडीतनं, मला पनवेलला न्यायला आलेल्या गाडीतनं, रोह्याला. पपईची उरलेली पानं पण नेली. नमितानं मला घरी आणलं आणि गरम पाणी दिलं.

बरं, राग धरून किती दिवस बसणार? आठवड्यानं सासूबाईंचा फोन. "जावयबापू, बाला अजून थकल्यावानी करतो. ती काली शेली तुमच्या वलखीची हाय, तेवढं येता का?" आता तुम्ही म्हणाल, गेला नसाल. गेलो. सर्दी पुसत गेलो. किटली घेऊन कुंडलिकेच्या काठाकाठानं हौसाबाईंच्या दारात. आणि शेळीनं लांबनं मला बघितलं, दावं ताणून पुढं आली, माझ्या हातात तोंड घातलं. म्हटलं एवढ्या मोठ्या गोतावळ्यात कुणीतरी आपली वाट बघत होतं. मी तिच्या कपाळावर हात ठेवला.

तर हौसाबाई किटली घेऊन आल्या, शेळीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "बाला, सरक जरा, पाव्हन्याला वाट दे."

घ्या. रोह्यात शेळी पण बाला. पाव्हणा काय तो मी एकटा.